एकच खडप, वर्षभर: ओहोटीच्या किनाऱ्याचा अभ्यास कसा करावा

समुद्रजीवांचा अभ्यास सुरू करण्यासाठी लागणारे पहिले साधन बहुतेक मराठी घरांत भिंतीला टांगलेले असते. दिनदर्शिकेत आजची तिथी पाहावी आणि तिची पाऊणपट करावी. जो आकडा येतो त्या सुमारास मुंबई आणि उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती असते, हा कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब आहे. तृतीयेला तिनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे रात्री आणि दुपारी सव्वादोनच्या आसपास भरती. तेथून सव्वासहा तास पुढे मोजले की ओहोटी येते सकाळी साडेआठच्या सुमारास. चंद्र रोज साधारण ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागे तेवढीच पुढे सरकते, इतकेच या पाऊणपटीचे गणित आहे. अर्ध्या तासाची चूक यात सहज होते, परंतु कोणत्या दिवशी किनाऱ्यावर जाणे व्यर्थ आहे हे एवढ्यावरून घरबसल्या कळते.

पुढील मार्गदर्शन ज्यांच्याकडे होडी नाही, पाणबुड्याचे साहित्य नाही आणि प्राणिशास्त्राची पदवीही नाही, अशांसाठी आहे. खोल समुद्राचा तळ पाहण्यासाठी जहाजे आणि पाणबुड्या लागतात. खडकाळ किनाऱ्यावर मात्र समुद्र स्वतःच दिवसातून दोनदा आपल्या तळाची एक पट्टी उघडी करून देतो. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. वर्षभरात दहा किनारे एकेकदा पाहण्यापेक्षा एकच खडप, म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा खडकाळ किनारा, वीस-पंचवीस वेळा पाहावे. पहिल्या पद्धतीने छायाचित्रे जमतात, दुसऱ्या पद्धतीने अभ्यास होतो.

दिवस आणि वेळ

सगळ्या ओहोट्या सारख्या नसतात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण येते. भरती अधिक वर चढते आणि ओहोटीही अधिक खाली उतरते. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ एकमेकींना काटकोनात असते, तेव्हा भांगाची भरती-ओहोटी होते आणि पाणी धड चढतही नाही, धड उतरतही नाही. नवख्यांची फसगत नेमकी येथे होते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराच्या सुमारास येते. वेळ सोयीची, उजेड भरपूर, म्हणून उत्साहाने जावे तर खडपाचा खालचा भाग पाण्याखालीच असतो. तेव्हा अमावास्या-पौर्णिमेपासून तृतीया-चतुर्थीपर्यंतचे दिवस निवडावेत. पाण्याला चंद्राच्या मागून येण्यास थोडा अवधी लागतो, त्यामुळे सर्वांत मोठे उधाण बहुधा नेमक्या पौर्णिमेला न येता दीड-दोन दिवसांनी येते.

तिथीवरून दिवस ठरला की नेमकी वेळ आणि उंची छापील किंवा संकेतस्थळावरील भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पाहावी. हैदराबाद येथील इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था भरती-ओहोटी आणि लाटा या दोहोंचे अंदाज विनामूल्य देते. तक्त्यात ओहोटीपुढे ०.३ मीटर असे लिहिलेले असले तर त्याचा अर्थ पाणी एक फूट खोल असेल असा नाही. प्रत्येक बंदराला एक शून्य पातळी ठरवून दिलेली असते, ती साधारणपणे तेथील नीचतम ओहोटीची असते, आणि सर्व आकडे तिच्यापासून मोजलेले असतात. मुंबईत मी ०.५ मीटरच्या खालची ओहोटी असेल तरच घराबाहेर पडतो. दिवसातल्या दोन ओहोट्यांची उंचीही सारखी नसते. पहाटेची खूप खाली आणि सायंकाळची जेमतेम, किंवा त्याच्या उलट, असे नेहमी घडते, म्हणून दोन्ही आकडे पाहावेत. जसजसे दक्षिणेकडे जावे तसतसा हा खेळ आखडत जातो. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांतील फरक ४ मीटरच्या वर जातो, तर गोव्यात तो २ मीटरच्या आसपास असतो. त्यामुळे मालवण किंवा पणजीच्या अभ्यासकाने मुंबईचा तक्ता वापरू नये; आपल्या जवळच्या बंदराचा घ्यावा.

ओहोटीच्या वेळेआधी दीड तास किनाऱ्यावर पोहोचावे आणि उतरत्या पाण्याच्या मागोमाग खाली जावे. तक्त्यातील ओहोटीची वेळ झाली की, समोर काहीही दिसत असले तरी, परत वर येण्यास सुरुवात करावी. यामागे दर्यावर्दींचा बाराव्या भागाचा नियम आहे. चढत्या पाण्याच्या साधारण सहा तासांत पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग येतो, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन भाग, मग पुन्हा दोन आणि एक. चढ ४ मीटरचा असेल तर पहिल्या तासात पाणी फूटभरच वाढते आणि माणूस निर्धास्त होतो; तिसऱ्या तासात तेच पाणी एक मीटर चढते. मी एकदा एका डबक्याजवळ ऑक्टोपसची रंग बदलण्याची तऱ्हा पाहत बसलो होतो. समोरचा खडक कोरडा होता, म्हणून चिंता नव्हती. मागे वळलो तेव्हा येताना कोरडी असलेली घळ मांडीभर पाण्याने भरलेली होती. खडपाचा मधला भाग अनेकदा समुद्राकडच्या कडेपेक्षा खोल असतो आणि पाणी पाठीमागून शिरते, हे मला त्या दिवशी कळले. तेव्हापासून जाताना मी परतीची वाट आधी पाहून ठेवतो.

जागा

आपल्या किनाऱ्यावर चार प्रकारच्या जागा मिळतात: खडप, पुळण (वाळूचा किनारा), खाडीकाठचा चिखल आणि खाजण (भरतीचे पाणी शिरणारी खारी दलदल). नवख्याने खडप निवडावे, कारण तेथील प्राणी चिकटून बसलेले किंवा सावकाश चालणारे असतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा सापडतात. मुंबईतील खडप काळ्या बसाल्टचे आहे. हाजी अली, वांद्र्याचा कार्टर रोड यांसारख्या गजबजलेल्या ठिकाणीही ते जिवंत प्राण्यांनी भरलेले असते. रत्नागिरीच्या दक्षिणेस आणि गोव्यात जांभ्याचे खडकही समुद्रात उतरतात. जांभ्याला भोके आणि कपारी अधिक, म्हणून लपणारे प्राणीही अधिक. निवडलेली जागा घरापासून तासाभराच्या आत असावी. हा निकष शास्त्रीय वाटत नाही, परंतु पहाटे साडेपाचला उठून महिन्यातून दोनदा जाणे त्याच्यावरच अवलंबून असते.

जागा नक्की केल्यावर एखाद्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तेथे कालवे (खडकाला चिकटलेले खाण्याचे शिंपले) काढणाऱ्या बायका दिसल्या तर थोडे थांबून त्यांच्याशी बोलावे. मावशी, इथे शिणाणे (हेही खडकावरचे शिंपलेच) कुठल्या बाजूला लागतात, पावसानंतर कधी दिसू लागतात, पूर्वी मिळायचे आणि आता मिळत नाही असे काय आहे, असे सरळ प्रश्न विचारावेत. त्या रोज पोटासाठी हे खडप वाचत असतात. त्यांच्या कामात अडथळा आणू नये आणि परवानगीशिवाय त्यांचे फोटो काढू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

पाय ठेवण्यापूर्वी

चपला घालून खडपावर जाऊ नये. कालव्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात, आणि हिरव्या शेवाळावरून पाय घसरला की हात नेमका त्यांच्यावर पडतो. पाणी निथळून जाईल असे, घट्ट बसणारे, खरखरीत तळव्याचे बूट घालावेत. सोबत एक तरी माणूस असावा. समुद्राकडे पाठ करून बसू नये.

कपारीत हात घालू नये. तेथे वाम, म्हणजे सापासारखी लांबट मासळी, असू शकते आणि तिचा चावा खोल जातो. शंकूच्या आकाराचा सुंदर शंख दिसला तर तो उचलू नये, कारण कोन स्नेल ही गोगलगाय विषारी दाताने शिकार करते आणि तिच्या काही जातींचा दंश माणसाला घातक ठरतो. उथळ पाण्यातून वाळूवर चालताना पाय उचलून न टाकता घासत चालावे. वाळूत दबून बसलेल्या पाकटाला धक्का लागला की तो निघून जातो. त्याच्यावर पाय पडला तर मात्र शेपटीचा काटा मारतो. असा काटा लागल्यास सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने वेदना कमी होते, आणि त्यानंतर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. पावसाळ्यात वाळूवर निळसर फुग्यासारखे प्राणी वाहून येतात, ते मेलेले दिसले तरी त्यांचे निळे दोरे डंख मारू शकतात, म्हणून मुलांना विशेष सांगून ठेवावे. हातापायाला उघडी जखम असेल तर शहरातल्या किनाऱ्यावर त्या दिवशी जाऊच नये. तेथील पाण्यात काय मिसळते हे सर्वांना ठाऊक आहे.

काय पाहावे

पहिल्या दोन-तीन खेपा काहीही न मोजता नुसते पाहण्यासाठी ठेवाव्यात. खडपाच्या वरच्या कडेपासून पाण्याकडे सावकाश उतरत जावे आणि रंग कोठे बदलतो ते पाहावे. सर्वांत वर, जेथे लाटांचे केवळ तुषार पोहोचतात, तेथे मिरीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी खडकाच्या भेगांत दाटीने बसलेल्या असतात. त्याखाली बार्नेकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या, कवचाच्या लहान प्राण्यांचा पांढुरका, खरखरीत पट्टा लागतो, मग कालव्यांचा, आणि त्याखाली शेवाळे, स्पंज, समुद्रफुले आणि त्यांच्यासारखेच पण वसाहत करून राहणारे झोअँथिड यांचे ओलसर राज्य सुरू होते. हे पट्टे ओळखता येऊ लागले की खडप वाचता येऊ लागले असे समजावे.

हे पट्टे का पडतात याचे ढोबळ उत्तर असे आहे की वरची हद्द बहुधा ऊन आणि कोरडेपणा ठरवतात, तर खालची हद्द शेजारी आणि शिकारी. जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बार्नेकलच्या दोन जातींवर हे दाखवून दिले आणि १९६१ साली ते प्रसिद्ध केले: वर राहणारी जात खालीही जगू शकत होती, परंतु तेथे दुसरी जात वेगाने वाढून तिला खडकावरून उखडून टाकत होती. रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील मकाह उपसागरात १९६३ पासून खडकाच्या एका तुकड्यावरील तारामासे पहारीने काढून समुद्रात फेकण्यास सुरुवात केली; शिकारी नाहीसा होताच शिंपल्यांनी जागा व्यापली आणि तेथील १५ जातींच्या ८ उरल्या. कमानीच्या मधल्या दगडासारखी, जी काढली की सारी परिसंस्था ढासळते अशी एखादी जात (कीस्टोन) असते, ही आज शाळेत शिकवली जाणारी कल्पना त्या पहारीतून निघाली. तो प्रयोग आपण करू नये. पेन यांच्यापाशीही खडप, तक्ता आणि वही यांहून फारसे काही नव्हते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

आता एका डबक्याशी बसावे. पाण्यावर सावली पडणार नाही अशी जागा घ्यावी आणि दहा मिनिटे हलू नये. पहिल्या दोन मिनिटांत डबके रिकामे वाटते. मग एक शंख चालू लागतो, आणि गोगलगायीच्या मानाने तो फारच घाईत आहे हे लक्षात येते. आत खेकडा असतो, ज्याचे मऊ पोट झाकण्यासाठी त्याने मेलेल्या गोगलगायीचे घर घेतलेले असते. डबक्याच्या कडेला बुडालेले बार्नेकल उघडतात आणि पिसासारखा एक पंजा बाहेर येऊन मूठ मिटावी तसा आत जातो, पुन्हा बाहेर येतो. बार्नेकल शिंपल्यासारखा दिसला तरी तो खेकडा-कोळंबीच्या कुळातला आहे. डोके खडकाला चिकटवून तो आयुष्यभर उलटा राहतो आणि पायांनी अन्न तोंडात ओढतो. एका मिनिटात तो पंजा किती वेळा बाहेर येतो हे घड्याळ लावून मोजावे, आणि उन्हाने तापलेल्या डबक्यात व सावलीतल्या डबक्यात हा आकडा निराळा येतो का ते पाहावे. साधा थर्मामीटर सोबत असला की हा एक पूर्ण प्रयोग होतो.

पाणी उतरल्यावर झोअँथिडची वसाहत पाहिली तर कोणी चिखलाने माखलेली बटणे खडकावर चिकटवल्यासारखी वाटते, आणि बहुतेक माणसे तिच्यावर पाय देऊन पुढे जातात. त्याच वसाहतीवर पहिली लाट परतली की काही मिनिटांत प्रत्येक बटण उघडते आणि हिरवट-तपकिरी, झालर असलेल्या तबकड्यांनी तो खडक झाकला जातो. हे पाहण्यासाठी परतताना, सुरक्षित अंतरावरून, एकच वसाहत नजरेत धरून थांबावे. तिला बोट लावू नये. काही झोअँथिडांच्या अंगात अत्यंत तीव्र विष असते.

दगड उलटून पाहण्याचा मोह सर्वांना होतो आणि पाहण्यासारखे बरेचसे तेथेच असते: चपटे खेकडे, तारामाशासारखे पण बारीक, ठिसूळ हातांचे ब्रिटल स्टार, स्पंजांचे रंगीत थर. परंतु दगडाची खालची बाजू म्हणजे त्यांचे घर असते. ती उन्हात उघडी राहिली तर थोड्याच वेळात सगळे मरते. दोन्ही हातांनी उचलता येईल एवढाच दगड घ्यावा, सावकाश तिरका करावा, मिनिटभर पाहावे, आणि होता तसाच, त्याच जागी, त्याच बाजूने ठेवावा. एका खेपेला तीन-चारपेक्षा अधिक दगड उलटू नयेत. कोणी आधी उलटून तसाच टाकलेला दगड वरच्या बाजूने पांढरा पडलेला आणि दुर्गंधी येणारा असतो. असा एक पाहिला की ही सूचना पुन्हा द्यावी लागत नाही.

पुळणीवरही एक काम करता येते, आणि त्यात कोणत्याही जिवाला धक्का लागत नाही. भरतीच्या रेषेवर पडलेल्या, तिसऱ्या नावाच्या खाण्याच्या शिंपल्यांच्या शंभर रिकाम्या शिंपा जमवाव्यात आणि त्यांपैकी किती शिंपांना गोल भोक आहे ते मोजावे. ते भोक शिकारी गोगलगायीने पाडलेले असते. कडा बाहेरून रुंद आणि आत निमुळती, पणतीसारखी उतरती असेल तर ते बहुधा मून स्नेलचे काम. कडा सरळ असेल तर म्युरेक्स कुळातल्या गोगलगायीचे. भोके शिंपेच्या कोणत्या भागावर जमलेली आहेत तेही कागदावर एका शिंपेची आकृती काढून त्यावर टिंबांनी मांडावे. काम झाल्यावर शिंपा तेथेच सोडाव्यात, कारण रिकामे शंख आणि शिंपले इतरांच्या उपयोगी पडतात.

मोजमाप आणि वही

चौथ्या खेपेपासून मोजणी सुरू करावी. त्यासाठी पीव्हीसी पाइपची, आतून ५० सेंटिमीटर लांब-रुंद अशी चौकट करून घ्यावी आणि दर १० सेंटिमीटरवर दोन्ही दिशांनी दोरा ताणावा. २५ घरे होतात आणि प्रत्येक घर म्हणजे चौकटीचा ४ टक्के भाग. ज्या घराचा निम्म्याहून अधिक भाग कालव्यांनी व्यापला आहे अशी घरे मोजली आणि त्यांना चाराने गुणले की कालव्यांचे आच्छादन टक्क्यांत मिळते. चालणाऱ्या प्राण्यांची मात्र थेट संख्या मोजावी.

चौकट कोठे ठेवायची हे डोळ्यांना ठरवू देऊ नये. डोळा नेहमी गजबजलेली जागा निवडतो आणि मग सगळेच खडप गजबजलेले ठरते. वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत ३० मीटरची दोरी सरळ टाकावी आणि दर तीन मीटरवर, खाली ओका खडक आला तरी, चौकट ठेवावी. पुढच्या खेपेला दोरी त्याच रेषेत टाकता यावी यासाठी मासेमार वापरतात ती युक्ती उपयोगी पडते: दूरच्या दोन स्थिर वस्तू, उदाहरणार्थ देवळाचा कळस आणि त्यापुढचा विजेचा खांब, एकामागे एक येतील अशी जागा पाहून ठेवावी. मोबाइलमधील स्थाननिर्देश काही मीटर इकडेतिकडे होतो; कळस आणि खांब होत नाहीत.

वहीत प्रत्येक खेपेला तारीख, तिथी, तक्त्यातील ओहोटीची वेळ व उंची, पोहोचल्याची वेळ, हवा, डबक्यातील पाण्याचे तापमान आणि मग चौकटींचे आकडे लिहावेत. पेन्सिल वापरावी. पहिल्या वर्षाची माझी निम्मी वही शाईच्या पेनने लिहिलेली आहे, आणि एका लाटेनंतर तिचा निळा कागद झाला. त्या ऑक्टोबरातले आकडे कायमचे गेले. जे दिसले नाही तेही लिहावे. मागच्या वेळी सात समुद्रफुले होती तेथे आज एकही नाही, तर रकाना रिकामा न सोडता शून्य लिहावे, कारण रिकाम्या रकान्याचा अर्थ सहा महिन्यांनी स्वतःलाही सांगता येत नाही. ओळखू न आलेल्या प्राण्याला घाईने नाव देऊ नये. 'शंख, सुपारीएवढा, तीन काळे पट्टे, सावलीत' ही नोंद चुकीच्या लॅटिन नावापेक्षा कितीतरी उपयोगी असते.

ओळख

ओळख पटवण्यासाठी एका प्राण्याचे किमान तीन फोटो घ्यावेत: वरून, बाजूने, आणि आजूबाजूचा खडक दिसेल असा थोडा दुरून. आकार कळावा म्हणून शेजारी पट्टी ठेवावी. ओल्या पृष्ठभागावर फ्लॅशची चमक येते, म्हणून फ्लॅश बंद ठेवून छत्रीची सावली करणे बरे. हे फोटो तारीख आणि ठिकाणासह आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवले की जगभरातले जाणकार ओळख सुचवतात. मुंबईत २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई हा नागरिकांचा उपक्रम किनाऱ्यावर मार्गदर्शित फेऱ्या घेत आला आहे. पहिली फेरी अशा जाणत्या माणसांबरोबर केली तर पुढच्या अनेक चुका टळतात. यंत्राने सुचवलेले नाव अंतिम मानू नये, विशेषतः स्पंज आणि शेवाळ यांच्या बाबतीत, ज्यांची खात्रीशीर ओळख सूक्ष्मदर्शकाशिवाय होत नाही.

काहीही घरी आणू नये. प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि अनेक शंखांच्या जातींनाही आहे. किनाऱ्यावर वाहून आलेला प्रवाळाचा मेलेला तुकडाही खिशात घालू नये. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. तेथे उतरण्यापूर्वी वन विभागाचे नियम विचारून घ्यावेत. दुर्मीळ प्राणी सापडला तर त्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर लिहू नये, कारण तो विकत घेणारे लोकही तेच वाचत असतात.

भांगाच्या दिवसांत

भांगाच्या आठवड्यात खडपावर काम नसते, तेव्हा मासळीबाजार आणि बंदर गाठावे. ससून डॉक, हर्णै, मिरकरवाडा, मालवण, जे जवळ असेल ते. ट्रॉलरच्या जाळ्यात मासळीबरोबर येणारा आणि लिलावात किंमत नसलेला ढीग बारकाईने पाहावा. ओहोटीला कधीच न दिसणारे खोल तळाचे तारामासे, खेकडे आणि शंख त्यात असतात. विकणाऱ्या बाईंना विचारून पापलेटाची लांबी पट्टीने मोजावी आणि महिन्यागणिक लिहावी. घरी ढोमा हा मासा आणला तर शिजवल्यानंतर त्याच्या डोक्यात मेंदूच्या दोन्ही बाजूंना दोन पांढरे, कठीण खडे सापडतात. माशाचा तोल आणि ऐकणे यांच्याशी संबंध असलेले हे कानातले खडे झाडाच्या खोडासारखे थराथराने वाढतात, आणि ते पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की त्यांवरून शास्त्रज्ञ माशाचे वय काढतात. ढोमा आणि घोळ यांच्या कुळात ते विशेष मोठे असतात. धुऊन, वाळवून, माशाची लांबी लिहिलेल्या पाकिटात ठेवत गेले की वर्षाअखेरीस मासा वाढला तसा खडाही किती वाढला याचा आलेख आपल्याच स्वयंपाकघरातून तयार होतो.

खोल समुद्राची ओढ असेल त्यांच्यासाठीही घरबसल्या काम आहे. जगभरच्या समुद्रांत सुमारे ४,००० आर्गो तरंगयंत्रे सोडलेली आहेत. ती १,००० मीटर खोलीवर वाहत राहतात आणि साधारण दर १० दिवसांनी २,००० मीटरपर्यंत बुडून, तापमान आणि क्षारता मोजत वर येतात. त्यांचे आकडे सर्वांना खुले आहेत. रत्नागिरीसमोरच्या अरबी समुद्रातील एक यंत्र निवडून त्याचे एप्रिलचे आणि ऑगस्टचे तापमान शेजारी शेजारी मांडून पाहावे, म्हणजे मोसमी वारे वरचे पाणी किती खोलवर घुसळतात ते दिसते.

पावसाळा आणि त्यानंतर

जूनच्या सुरुवातीला खडपावर जाणे थांबवावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते आणि ज्यांचे सारे आयुष्य समुद्रावर गेले तेही होड्या वर ओढून ठेवतात. आपण अभ्यासाच्या नावाखाली लाटांसमोर उभे राहण्याचे कारण नाही. हे महिने वहीतले आकडे स्वच्छ कागदावर उतरवण्यात आणि फोटोंना नावे देण्यात घालवावेत. थांबण्यापूर्वी, मे महिन्याच्या शेवटच्या उधाणाला, प्रत्येक चौकटीचा वरून सरळ एक फोटो अवश्य घेऊन ठेवावा.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या परततात, पण खडपावरच्या लाटा निवळेपर्यंत सप्टेंबर उजाडतो. पावसाचे गोडे पाणी, गाळ आणि लाटांचा मारा यांनी मधल्या काळात बरेच काही पुसलेले असते. पहिल्या शांत उधाणाला कळस आणि खांब एका रेषेत आणून दोरी टाकावी, चौकटी ठेवाव्यात आणि मे महिन्यातले फोटो हातात धरून एकेक घर ताडून पाहावे: कोठे ओका खडक उरला आहे, कोठे हिरवे शेवाळ चढले आहे, आणि ओक्या खडकावर टाचणीच्या डोक्याएवढे नवे बार्नेकल बसले आहेत का. ते इतके लहान असतात की भिंग लागते. त्यांची संख्या त्याच दिवशी मोजावी, कारण पुढच्या उधाणापर्यंत त्यांतले बरेचसे नाहीसे झालेले असतात.